द्राक्षांखालचा चेहरा

कोल्हापूर बंद म्हटलं की कोल्हापूर मनापासून बंद होतं. बंद कशासाठी आहे हे निम्म्या गावाला दुपारच्या जेवणापर्यंत ठाऊक नसतं, पण शटरं मात्र सकाळीच खाली येतात. त्या दिवशीही तसंच झालं. गुजरीतल्या एकाही सराफी पेढीचं दार उघडं नव्हतं. महाद्वार रोडच्या मधोमध एक म्हैस ऐसपैस बसली होती आणि तिला उठवायला कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. खिजरला असा दिवस आवडायचा. गिऱ्हाईक येत नाही, घाई कुणालाच नसते आणि नाजूक काम बिनघोर उरकता येतं. गुजरीच्या मागच्या बोळात त्याची कामाची खोली होती. दुपारी तिथं येऊन त्यानं शटर उचललं, आत शिरला आणि मागून अर्धं खाली ओढून घेतलं. बंद मोडला म्हणून कुणी भांडायला यायला नको.

खिजर ठसे कोरायचा. सोनार ज्या पोलादी ठशांवर पत्रा ठोकून पुतळ्या, पानं, मणी आणि टाक काढतात, ते ठसे. टाक म्हणजे देवघरात ठेवायचा चांदीचा छोटा पत्रा. त्यावर देव असतो, नाहीतर घरातलं गेलेलं माणूस. वडील वारले की मुलगा त्यांचा फोटो घेऊन येणार, आणि त्यावरून चेहरा कोरून द्यायचा. खिजरचे वडील शमशुद्दीन यांचा त्या कामात हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता. तपकिरीची चिमूट ओढत त्यांनी कोरलेला चेहरा बघून बायका डोळ्याला पदर लावायच्या. बाहेरच्या पाटीवर वर्षानुवर्षं त्यांचंच नाव होतं. गेल्या महिन्यात खिजरनं ती पाटी रंगवून आपलं नाव घातलं. पेंटरनं रंगाचा एकच हात दिला, त्यामुळं ऊन पडलं की खालचा शमशुद्दीन हळूच वर यायचा. बोळातले लोक त्यावरून खिजरची यथेच्छ चेष्टा करायचे.

नाव बदललं त्याला कारण होतं. अब्बा आता ठसा आणि चमचा यातला फरक विसरले होते. आधी गिऱ्हाइकं विसरले, मग गल्ली, मग सून नुजहत, मग नात आफशीन, आणि शेवटी स्वतःचं नाव. एक खिजर तेवढा राहिला होता. खिजर दिसला की म्हातारा खाटेवर सरळ होऊन बसायचा, 'आलास?' म्हणायचा आणि तोंड उघडायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास घ्यायचा नाही. एकदा खिजर कुरुंदवाडला लग्नात अडकला, तर नुजहतनं गोडीगुलाबी केली, आफशीननं लाडीगोडी लावली, तरी म्हाताऱ्यानं दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून ठेवलं आणि शेवटी सलाईन लावायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले होते, "तुम्हाला ओळखतात तोवर चाललंय. पुढचं पुढं बघू." ते पुढचं म्हणजे काय, हे खिजरला नीट कळलं होतं. त्याला त्या एकाच गोष्टीची रात्रंदिवस धास्ती होती.

असो. तर त्या दिवशीचं काम होतं अनुजा मॅडमचं.

अनुजा मॅडम कॉलेजात इतिहास शिकवायच्या. त्यांना बंडाच्या नाण्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं. एका टोकाला आपली शिवराई, आणि दुसऱ्या टोकाला एक चांदीचं नाणं, जे त्यांच्या सासूबाईंच्या ट्रंकेत निघालं होतं. महायुद्धाच्या वेळी वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. सासूबाईंचे वडील तिथं दूध घालायचे. जाताना एका म्हाताऱ्या ज्यू बाईनं ते त्यांच्या हातावर ठेवलं आणि काहीतरी बराच वेळ सांगितलं. भाषा कळत नसल्यानं यांनी नुसती मान हलवली.

"ज्यू लोकांनी रोमच्या बादशहाविरुद्ध बंड केलं, त्या काळचं हे नाणं आहे," मॅडमनी सांगितलं होतं. "खरं की नक्कल, ते जाणकार ठरवतील. पण गोष्ट खरी आहे. त्यांच्याकडं टांकसाळ नव्हती. मग त्यांनी बादशहाचीच नाणी घेतली, आणि त्याच्या तोंडावर आपला ठसा मारला. हा द्राक्षांचा घड. मागच्या बाजूला हे तारांचं वाद्य. आणि कडेनं अक्षरं, जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी."

"अक्षरं उजवीकडनं वाचायची का? आमच्या उर्दूगत?"

"उजवीकडूनच. पण ही लिपी त्यांच्या वेळीसुद्धा जुनी झालेली होती. आज आपण दुकानावर मोडीत पाटी लावावी, तसं. मुद्दाम. आमचं राज्य, आमची अक्षरं."

खिजरनं डोळ्याला भिंग लावलं. द्राक्षांच्या मण्यांमधून एक नाक वर आलं होतं. घडाच्या देठाजवळ अर्धा कान होता.

"मारून मारूनबी म्हातारं ऱ्हायलंय की खाली," तो म्हणाला.

"राहतंच," मॅडम हसल्या. "पण तुम्ही खालचा चेहरा कोरू नका हं, खिजरभाई. तो ठशाचा भाग नाही. फक्त वरचं."

खिजरनं फक्त वरचंच कोरलं. नाण्याचा लाखेवर छाप घेतला, नाणं त्याच दिवशी मॅडमना परत दिलं, आणि सवडीनं घड कोरला, वाद्य कोरलं, ती आडवीतिडवी अक्षरं कोरली. नाक नाही, कान नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढं खिजर स्वतःलाच हे पुन्हापुन्हा सांगत बसणार आहे.

प्रदर्शनात मुलांना हातात घेऊन बघायला चांदीच्या प्रती हव्या होत्या, आणि त्याही जुन्या पद्धतीनं हातानं ठोकलेल्या. खिजरनं चकत्या आदल्या दिवशीच पाडून ठेवल्या होत्या. नवी चांदी, नवा पत्रा, दोन्ही बाजूंनी आरशासारखा कोरा. त्यानं एक चकती तापवून ठशावर ठेवली, वरचा ठसा जुळवला आणि हातोडा मारला.

ठोका बोळात घुमला. बंदच्या शांततेत तो जरा जास्तच मोठा वाटला. आणि तो विरतोय न विरतोय, तोच दुसरा ठोका ऐकू आला, पहिल्यापेक्षा दबका. खिजरनं मान वर केली. समोरच्या भिंतीवर आपटून आवाज परत आला असेल, असं मनाशी म्हणून त्यानं चकती चिमट्यानं उचलली आणि पाण्यात टाकली. चर्र झालं. बाहेर काढून त्यानं उजेडात धरली.

घड उत्तम उठला होता. अक्षरं धारदार आली होती. आणि द्राक्षांच्या मधून एक नाक वर आलेलं होतं.

खिजरला आधी राग आला. पत्रा ज्यानं दिला त्यानं जुना माल गळ्यात मारला असणार, एखादा वापरलेला टाक सपाट करून. पण मग चकती आरशासारखी कशी होती? आदल्या दिवशी त्यानं स्वतः भिंगाखाली बघितली होती. उगाच डोकं शिणवण्यापेक्षा त्यानं शेगडी पेटवली, ती चकती मुशीत टाकली आणि पंखा सुरू केला. चांदी वितळू लागली तसा खोलीत एक वास पसरला. टाकणखाराचा नेहमीचा वास होताच, पण त्याच्या आडून दुसरा काहीतरी येत होता. तपकिरीचा. खिजर स्वतः तपकीर ओढत नव्हता आणि त्या खोलीत गेली कित्येक वर्षं कुणीच ओढली नव्हती.

तेवढ्यात फळीवर ठेवलेला मोबाईल वाजायला लागला. नुजहतचा फोन होता. हातात चिमटा, चिमट्यात लाल झालेली मूस, उचलणार कसा? वाजून वाजून तो थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. खिजरनं चांदी ओतली, गार केली, रुळातून काढून तिचा पत्रा केला आणि नवी चकती पाडली. आता हिच्या खाली कुणी असायचं कारणच नव्हतं. ही चांदी त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यासारखी झाली होती.

त्यानं ठोका मारला. मागोमाग दुसरा ठोका आला. या वेळी तो भिंतीकडून आला नाही. ऐरणीखालच्या लाकडी ओंडक्यातून, खालून वर आला, आणि खिजरच्या तळपायांना जाणवला.

चकतीवर द्राक्षं होती आणि द्राक्षांखाली चेहरा होता. आता नाकासोबत कान होता, कानावर टेकलेली टोपीची कड होती, डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या होत्या. कुणा बादशहाचा चेहरा नव्हता तो. म्हाताऱ्या, दमलेल्या, इथल्याच माणसाचा होता.

 भीतीपेक्षाही खिजरला दुसऱ्याच गोष्टीनं छळलं. हा चेहरा कुठंतरी बघितलाय, रोज बघितलाय, असं वाटत होतं, आणि नाव काही केल्या ओठावर येत नव्हतं. नाव आठवावं म्हणून त्यानं आणखी एक चकती ठोकली. त्यावर हनुवटी आली. आणखी एक ठोकली, गालावरचा तीळ आला. चेहरा दर ठोक्याला स्पष्ट होत गेला आणि ओळख तेवढीच दूर जात गेली. शहाण्या माणसानं तिथंच हातोडा ठेवला असता, पण खिजरचं डोकं एव्हाना ठिकाणावर नव्हतं. चकत्या संपल्या तेव्हा तो थांबला.

मग त्यानं अनुजा मॅडमना फोन लावला.

"झाल्या का प्रती?" त्यांनी उत्साहानं विचारलं.

"झाल्या... मॅडम, एक इचारायचं हुतं. ह्यो ठसा कोऱ्या चांदीवर मारला तर काय हुतंय?"

"काय होतंय म्हणजे? छान नाणं होतं."

"तसं न्हवं. खाली कुणाचं तोंडच नसलं तर?"

मॅडमना तो प्रश्न फारच आवडला. वर्गात असल्यासारख्या त्या म्हणाल्या, "खाली तोंड नसेल तर ते नुसतं चांदीचं नाणं, खिजरभाई. बंड कुणाविरुद्ध? कुणाच्या तरी चेहऱ्यावर मारल्याशिवाय त्या ठशाला अर्थच नाही. त्याला खाली कुणीतरी लागतंच."

"बरं," खिजर म्हणाला आणि फोन ठेवून दिला. 

शटरखालून दोन पाय दिसले, मग वाकलेली पाठ आणि मग गणपतराव आत आले. बोळाच्या तोंडाशी त्यांचा चहाचा गाडा असायचा. गाडा बंद होता, पण माणसाला गप्पा बंद ठेवता येत नाहीत.

"व्हय रं, एकटाच ठोकत बसलाईस? मला वाटलं दोघंजण हाईत आत. एकाआड एक ठोकं पडत्यात." बोलता बोलता त्यांनी ओट्यावरची एक चकती उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्याजवळ नेली.  डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"कवा...?" त्यांनी हलकेच विचारलं.

"काय कवा?"

"म्हातारं कवा गेलं? आरं, शेजारधर्म म्हणून तरी सांगायचंस. आमी खांदा द्यायला आलो नसतो व्हय?" त्यांनी चकती पुन्हा डोळ्याजवळ धरली. "बरं केलंस पर टाक केलास त्ये. मला म्हाईत न्हवतं तुमच्यातबी टाक करत्यात म्हणून. पर अंगावर ही द्राक्षं कशापायी घातलीस?"

"कुणाचा टाक, काका?"

"कुणाचा म्हंजे? तुज्या बाऽचा! शमशुद्दीनचा. ह्यो तीळ बघ की."

खिजरनं चकती हिसकावून घेतली आणि बघितली. द्राक्षांखालून एक अनोळखी म्हातारा त्याच्याकडं बघत होता. यापूर्वी तो कुठंच बघितलेला नव्हता. आता तर ओळखीचा भाससुद्धा उरला नव्हता.

"अब्बा घरात हायत," तो कसाबसा म्हणाला. "सकाळी भरवून आलोय मी."

गणपतरावांनी टोपी परत डोक्यावर घातली. दोन पावलं मागं सरून ते शटरला टेकले.

"जित्या माणसाचा टाक करत न्हाईत, खिजर," ते म्हणाले. "तुज्या बानंच सांगितलेलं मला. कोण कितीबी मोठा आला, आमदार आला, तरी जित्या माणसाचा चेहरा चांदीत उतरवायचा न्हाय. मग तो चेहरा आपली जागा सोडतोय म्हणायचा." आणि ते वाकून बाहेर पडले. नेहमी रेंगाळणारा माणूस, पण बोळातून त्यांची पावलं भरभर वाजत गेली.

खिजरनं डोळे मिटले आणि अब्बांचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. तुम्हीही एकदा करून बघा. आपल्या माणसाचा चेहरा मिटल्या डोळ्यांपुढं पटकन येत नाही, आणि आपण म्हणतो, असू दे, घरी गेल्यावर दिसेलच. खिजरला अब्बांचा सदरा आठवला. खाट आठवली. भाकरीचा तुकडा घेणारे ओठसुद्धा आठवले, पण त्या ओठांच्या भोवती काहीच नव्हतं. नुसती घासलेली जागा. मोबाईलमध्ये गेल्या ईदचा फोटो होता. त्यात तो होता, नुजहत होती, आफशीन होती आणि मधे खुर्चीवर तोच नाण्यावरचा परका म्हातारा बसलेला होता.

त्यानं चकत्या रुमालात बांधल्या. दोन्ही ठसे आणि उरलेला पत्रा कपाटात टाकला, कपाटाला कुलूप लावलं, शटरला कुलूप लावलं, दोन्ही किल्ल्या खिशात घातल्या आणि घराकडं चालू लागला. चालणं कसलं, पळणंच ते. ऊन अजून लख्ख होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि एवढ्या उजेडात भ्यायला होतं याचीच त्याला भीती वाटत होती.

घर दोन गल्ल्या सोडून होतं. दारात चपला काढून तो आत गेला. पुढच्या खोलीत अब्बांच्या खाटेवर एक म्हातारा बसला होता. अंगात अब्बांचा सदरा होता. खिजरला पाहून तो सरळ झाला.

खिजर त्याच्यासमोरून सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि दबक्या आवाजात नुजहतला म्हणाला, "पावणं कोण आल्यात? आणि अब्बा कुठं हायत?"

नुजहत भाकरी थापत होती. तिला वाटलं, नवरा चेष्टा करतोय. ती हसली. मग त्याचा चेहरा बघून हसायची थांबली. "अहो, असं काय करताय? अब्बाच हायत की ते."

"ते अब्बा न्हाईत."

"बरं वाटत न्हाय का तुमाला?" तिनं पिठाच्या हातानंच त्याचं कपाळ चाचपलं. "मी दोनदा फोन केला, उचलला न्हाईसा. अब्बांनी दुपारी किती घाबरवलं आमाला! बसल्या जागी वराडाय लागले. 'भाजतंय, भाजतंय' म्हणून तोंड झाकून घेतलं. मी पाणी मारलं तोंडावर. चुलीजवळ गेले न्हाईत, कुठं हात लावला न्हाय, पर गाल बघा, लालभडक झालाय. थोड्या येळानं आपोआप थांबलं बघा."

खिजरच्या हातातला रुमाल जड झाला. दुपारी कोणत्या वेळी, हे त्यानं विचारलं नाही. फोन वाजत होता तेव्हा मुशीत काय होतं, ते त्याला ठाऊक होतं. येताना वाटेत त्यानं एक मार्ग मनाशी पक्का केला होता. सगळ्या चकत्या वितळवायच्या, नाव न् निशाण राहू द्यायचं नाही. तो मार्ग तिथं, त्या चुलीपुढं बंद झाला. वितळवायच्या नाहीत. ठोकायच्या नाहीत. कानस लावायची नाही. मग करायचं तरी काय? त्यानं रुमाल पिठाच्या डब्यामागं सरकवून ठेवला आणि नुजहतला एवढंच म्हणाला, "ह्याला हात लावू नगंस. आफशीनलाबी लावू देऊ नगंस."

"खिजर..." बाहेरच्या खोलीतून हाक आली. थकलेली, लाडिक. "आलास?"

आवाजही त्याला परका वाटला. पण नाव त्याचंच होतं. स्वतःचं नाव विसरलेला माणूस त्याचं नाव घेत होता.

नुजहतनं ताट वाढलं. दूध-भाकरी कुस्करून, नेहमीसारखी. "भरवा आता. मघापासनं वाट बघाय लागल्यात. मी दिलं तर तोंड उघडत न्हाईत."

खिजर ताट घेऊन खाटेवर टेकला. म्हाताऱ्यानं डोळे मिटून तोंड उघडलं, अगदी विश्वासानं. खिजरला रडू यायला लागलं. उभा जन्म ज्या माणसाच्या बोटाला धरून काढला, तो माणूस हाच आहे असं सगळं जग सांगतंय, आणि आपल्याला तो वाटेवर भेटलेल्या कुणाएवढाही ओळखीचा वाटू नये! या माणसाचा गाल लाल होता. गालावर तीळ होता. हनुवटीवर दोन दिवसांची पांढरी खुंटं होती. त्यातलं काहीही खिजरच्या काळजाला लागत नव्हतं. एवढे दिवस त्याला भीती होती की अब्बा एके दिवशी आपल्याला विसरतील. आपणच विसरू, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

हात पुढं होईना. म्हातारा तोंड उघडून थांबला. थोडा वेळ थांबून त्यानं डोळे उघडले आणि घाबरून विचारलं, "खिजर न्हवंस तू?"

"खिजरच हाय," खिजर घाईघाईनं म्हणाला, "मीच हाय, अब्बा." अब्बा हा शब्द त्यानं मुद्दाम जोरात उच्चारला. तो जिभेवर जरा अडखळला, पण निघाला. त्यानं पहिला घास भरवला. म्हातारा चावू लागला. दुसरा घास भरवला. ओळख असो नसो, हा माणूस आपल्या हातचं खातोय, आणि आपण भरवलं नाही तर हा मरेल. एवढं समजायला चेहरा कशाला लागतो? खिजरनं मनाशी ठरवून टाकलं. लोक म्हणतात ना अब्बा, मग अब्बा. आयुष्यभर असंच भरवायचं. तिसरा घास त्यानं न थांबता भरवला. म्हाताऱ्याच्या ओठाला लागलेलं दूध त्यानं बोटानं पुसलं, आणि दुपारपासून पहिल्यांदाच त्याला मोकळा श्वास घेता आला.

बाहेर संध्याकाळचं पिवळं ऊन भिंतीवर चढलं होतं. बंद सुटायला अजून अवकाश होता, त्यामुळं गावात कसलाच आवाज नव्हता. म्हणून तो ठोका स्पष्ट ऐकू आला.

दोन गल्ल्या पलीकडून. पोलादावर पोलाद.

खिजरनं खिसा चाचपला. दोन्ही किल्ल्या खिशात होत्या.

"कोण ठोकतंय रं?" म्हाताऱ्यानं घास तोंडात ठेवूनच विचारलं. एवढं काही विसरला, पण हा आवाज त्याच्या कानात पक्का होता. "चांगला हात हाय."

दुसरा ठोका पडला. मग तिसरा. घाई नव्हती त्यात. कामाची रीत ठाऊक असलेलं कुणीतरी चकती ठेवत होतं, जुळवत होतं, मारत होतं. खोलीत तपकिरीचा वास आला नाही. या वेळी ताज्या भाकरीचा आला, पिठाचा आला, बाईच्या केसांना लावलेल्या तेलाचा आला, आणि मग तो सगळा वास कुणी फुंकर मारावी तसा निघून गेला. खिजरला काहीतरी आठवायचं होतं. फार तातडीचं. कुणाला तरी सावध करायचं होतं. पण कुणाला, ते निसटत चाललं.

चौथा ठोका पडला आणि ठोकणं थांबलं.

खिजरनं मान वळवली. मधल्या दारात एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. मनगटापर्यंत हाताला पीठ लागलेलं. ती त्याच्याकडं बघत होती, काळजीनं, जवळच्या माणसाकडं बघावं तशी.

"अहो," ती म्हणाली, "असं काय बघाय लागलाय?"

परकी बाई घरात आलेली, आणि आपण खाटेवर बसलेलो. खिजर ओशाळला. ताट बाजूला ठेवून तो अदबीनं उठून उभा राहिला.

"या की ताई, बसा," तो म्हणाला. "घरातली आत हाय, बोलावतो." आणि तिच्या खांद्यावरून आत बघत त्यानं मोठ्यानं हाक मारली, "नुजहत! कोण आलंय बघ जरा."